काटोल तालुक्यात बलूनमागे: ग्राउंड क्रूच्या एका हिवाळ्याचा हिशेब

१८ जानेवारीला आमचा सीझन संपला. काटोल तालुक्यातल्या एका रिसॉर्टवर यंदा हिवाळ्यात हॉट एअर बलूनच्या सकाळच्या फेऱ्या होत्या आणि नागपूरहून गेलेले आम्ही चार जण तिथल्या ग्राउंड क्रूमध्ये होतो. बलून फुगवायचा, सोडायचा, गाडीने त्याच्यामागे जायचं, उतरला की धरायचा आणि गुंडाळून परत आणायचा, एवढं काम. मैदानावर गेलो ४० सकाळी. उड्डाणं झाली २१. उरलेल्या १९ सकाळी वाऱ्यामुळे नाहीतर धुक्यामुळे ट्रेलर न उघडताच परत आलो. या कामाबद्दल मराठीत वाचायला काही सापडलं नव्हतं, म्हणून तारीखवार लिहून ठेवतो.

सुरुवात कागदांपासून. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आधार, ड्रायव्हिंग लायसन्स आणि दोन फोटो दिले. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला ११ दिवसांनी आला. डोळे आणि बीपी तपासून फिटनेस सर्टिफिकेटचे ६०० रुपये. जाड कातडी हातमोजे ३५० रुपये आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट १,६०० रुपये, दोन्ही नागपूरच्या बर्डी बाजारातून. बुटांत काटकसर करू नका. काळ्या मातीच्या ढेकळांतून दोरी धरून धावायचं असतं. हातमोजे नायलॉनचे मुळीच नकोत, बर्नरजवळ ते वितळून हाताला चिकटतात.

कंपनीचे कागद आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पायलटकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) बलूनचा परवाना हवा. बलूनला विमानासारखंच व्हीटीने सुरू होणारं नोंदणीचिन्ह असतं आणि त्याची ठरावीक मुदतीने तपासणी होते. विमा वेगळा, हवाई हद्दीची परवानगी वेगळी, जिल्हा प्रशासनाचं ना-हरकत वेगळं. या सगळ्यात पाच आठवडे गेले. ज्या टेबलावर जावं तिथे पहिला प्रश्न तोच: "ते मंदसौरचं काय झालं होतं हो?" १३ सप्टेंबर २०२५ ला मंदसौर जिल्ह्यातल्या गांधीसागरला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री बास्केटमध्ये असताना वाऱ्यामुळे बलून उडू शकला नाही आणि त्याच्या खालच्या भागाने पेट घेतला, आग लगेच विझवली, कुणाला इजा झाली नाही. वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. प्रश्न वैतागाचा वाटे, पण रास्त होता. फुगवताना बलूनचं तोंड जमिनीलगत असतं आणि कापड वाऱ्याने आत दबलं की ते बर्नरच्या ज्योतीसमोर येतं.

गॅसचीही कागदपत्रं असतातच. सिलेंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे, हे मला या कामात पडल्यावर कळलं. गॅसबद्दलची एक गोष्ट क्रूला माहीत असलीच पाहिजे. एलपीजीत ब्युटेन जास्त असेल तर थंडीत सिलेंडरचा दाब पडतो आणि बर्नरची ताकद घटते. उतरताना समोर तारा दिसल्या आणि पुन्हा वर जायचं ठरलं, तर कमजोर ज्योतीमुळे बलून तीन-चार सेकंद उशिरा उचलतो. म्हणून सिलेंडरमध्ये नायट्रोजन भरून दाब वाढवतात आणि रोज पहाटे गेज बघून वहीत आकडा लिहितात.

२४ नोव्हेंबरपासून आठवडाभर प्रशिक्षण झालं. पहिले दोन दिवस फक्त दोरी. दोरी हाताला गुंडाळायची नाही. पाय जमिनीवरून सुटले की त्याच क्षणी सोडायची. पुढच्या क्षणी उंची वाढलेली असते आणि मग सोडवत नाही. राजस्थानात बारांला १० एप्रिल २०२५ च्या कार्यक्रमात बलूनच्या दोरीबरोबर वर ओढला गेलेला कर्मचारी खाली पडून मरण पावला. पायलट सरांनी पहिल्याच सकाळी ही घटना सांगितली आणि मग प्रत्येकाकडून "सोड!" म्हणताच दोरी सोडायचा सराव वीस-वीस वेळा करून घेतला. तेव्हा हसू येत होतं.

पुढचे पाच दिवस उतरण्याच्या जागा शोधण्यात गेले. बलूनला स्टिअरिंग नसतं. वर-खाली होऊन वेगवेगळ्या दिशांचे वारे पकडायचे, एवढाच ताबा. हिवाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक ईशान्येचा, त्यामुळे मैदानाच्या नैर्ऋत्येला १२ किलोमीटरपर्यंत २६ वावरं निवडली. सातबाऱ्यावरून मालक शोधले, साध्या कागदावर संमती घेतली, सरपंचांना पत्र दिलं. प्रत्येक वावराच्या नकाशावर विहीर, धुरा (वावराचा बांध), विजेची डीपी आणि तारा लाल पेनने काढल्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून येणाऱ्या टॉवर लाइनची भीती कमी, कारण टॉवर दोन किलोमीटरवरून दिसतात. जीव खाते ती पंपाला गेलेली तीन तारांची लाइन. वरून काळ्या मातीवर तार दिसतच नाही. म्हणून तार शोधायची नाही, खांब शोधायचे. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं. विदर्भातली दुसरी भीती म्हणजे बिनकठड्याच्या विहिरी. डिसेंबरात तूर उभी असते, तिच्या आड विहीर दहा पावलांवरूनही दिसत नाही.

१ डिसेंबरला पहिलं उड्डाण. दिनक्रम असा: पावणेपाचला मैदानावर, पाचला वाऱ्याची तपासणी, सहाला जायचं की नाही याचा निर्णय, मग बास्केट आडवी करून कापड पसरायचं, पंख्याने थंड हवा भरायची, बर्नर पेटवायचा, आणि उजाडलं की सोडायचा.

वाऱ्याचं थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण जवळपास सगळं तिथेच ठरतं. हिवाळ्यात पहाटे झाडाचं पान हलत नाही. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन खाली बसते आणि वरचा वारा त्या थरावरून नुसता घसरत जातो. खाली दोन नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) आणि ३०० मीटरवर पंधरा, हे आमच्या वहीत कितीदा तरी आहे. ऊन पडलं की जमीन तापते, खालची हवा वर जाते, वरची खाली येते आणि येताना आपला वेग घेऊन येते. थंडीत सूर्योदयानंतर साधारण दीड तासात हे सुरू होतं. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातला उगवतो, म्हणजे सव्वाआठ. त्यामुळे बलून सोडतो तो शांत हवेत आणि उतरवतो तो वाऱ्यात. सहा वाजता विचारायचं असतं की आठ वाजता खाली किती वारा येईल.

त्यासाठी पायबॉल सोडतात: हेलियम भरलेला लहान फुगा, अंधार असेल तर खाली बारीक एलईडी. तो कुठल्या उंचीवर किती वेगाने कुठे वळतो ते घड्याळ आणि होकायंत्र लावून बघायचं. नागपुरातलं सोनेगावचं हवामान केंद्रही रोज दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी, यंत्र बांधलेला फुगा सोडतं. पहाटेचे आकडे हाती येईपर्यंत आमची निर्णयाची वेळ टळलेली असते, म्हणून आदल्या संध्याकाळचे बघून झोपायचं. आमच्या कंपनीची मर्यादा जमिनीवर ८ नॉट आणि ३०० मीटरवर २० नॉट.

आठ हा आकडा पर्यटकांना हास्यास्पद वाटायचा. "एवढ्या वाऱ्यात तर पतंग पण उडत नाही," असं एका काकांनी सुनावलं होतं. पण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. शिवाय आमचा बलून साधारण ३,००० घनमीटरचा. माणसं, बास्केट, गॅस आणि कापड मिळून वजन सातशे किलोच्या वर, आणि आत कोंडलेली गरम हवा जवळपास पावणेतीन टन. १० नॉटने उतरताना हे साडेतीन टन सेकंदाला पाच मीटर वेगाने आडवं येत असतं आणि त्याला ब्रेक नाही. वर बसलेल्याला हे कळत नाही. बलून वाऱ्याबरोबरच जात असल्यामुळे आत मेणबत्तीही विझणार नाही. जमीन जवळ आली की पहिल्यांदा वेग दिसतो.

पहिल्या १० दिवसांत चार उड्डाणं रद्द झाली. पैसे परत किंवा दुसरी तारीख, असा नियम. पहाटे चारला मुलांना उठवून आणलेले आईवडील चिडायचे आणि आमचाच चहा पीत आम्हालाच बोलायचे. सवय झाली.

२७ डिसेंबर, शनिवार. प्रवासी चार. ६:४० ला जमिनीवर ३ नॉट, पायबॉलवर ३०० मीटरला १४. दोन्ही मर्यादेत. ६:५८ ला सोडला आणि ४५ मिनिटांत उतरवायचं ठरलं. आम्ही बोलेरो आणि ट्रेलर घेऊन मागे. ७:३५ ला ठरलेल्या वावरावर पोहोचलो तर तिथे पंपाचे तीन नवे खांब. आदल्या आठवड्यात आले असावेत, नकाशात नव्हते. वॉकीटॉकीवर कळवलं, बलून पुढे गेला. दुसऱ्या जागेत तूर कापायला पंधरा-वीस बाया. तिसरी जागा चार किलोमीटर पुढे. आठ वाजून गेले होते.

रस्त्यात वीटभट्टी लागली. सात वाजता तिचा धूर सरळ उभा होता. आता तो भट्टीच्या तोंडापासूनच आडवा झाला होता. वाऱ्याचं याहून चांगलं यंत्र गावात मिळत नाही. आमच्यातल्या एकाने कळवलं, "सर, खाली धूर आडवा. बारा असेल." तिकडून फक्त "ओके" आलं आणि मग प्रवाशांना बसण्याच्या सूचना देण्याचा आवाज.

वावर सोयाबीन काढून पडीत ठेवलेलं, लांबी ३०० मीटर, शेवटी बाभळीचा धुरा आणि धुऱ्यापलीकडे विहीर. १२ नॉट म्हणजे सेकंदाला सहा मीटर. सगळं वावर ५० सेकंदांत संपतं. पायलट सरांनी अलीकडच्या धुऱ्यावरून जेमतेम दोन माणसं उंचीने बलून आणला, बास्केटची रुंद बाजू वाऱ्याकडे वळवली, पायलट लाइट (बर्नरची कायम जळती ठेवलेली बारीक ज्योत) विझवला, सिलेंडरचे वॉल्व्ह बंद केले, नळीतला गॅस जाळून टाकला आणि वरची झडप उघडणारी लाल दोरी पूर्ण ओढून धरली. बास्केट टेकली, उसळली, पुन्हा टेकली, आडवी झाली आणि ओढली जाऊ लागली. अर्धवट रिकामं झालेलं कापड शिडासारखं वारा धरतं. बलून जमिनीला लागल्यावरही थांबत नाही तो यामुळे. मातीत तिने वीतभर खोल चर पाडली. टेपने मोजली, ३८ मीटर. कापडाचा वरचा भाग बाभळींत गेला तेव्हा सगळं थांबलं.

अशा वेळी क्रूने काय करायचं नाही ते आधी. बास्केट ज्या दिशेने येते त्या बाजूला उभं राहायचं नाही. सरपटणारी बास्केट हाताने अडवायची नाही. आम्ही बाजूने पळालो, ती थांबल्यावर कडेवर वजन टाकलं, आणि एकाने कापडाच्या टोकाची दोरी वाऱ्याच्या दिशेने ओढून धरली. सगळ्यात मोठ्याने ओरडायचं वाक्य एकच: "कुणी बाहेर येऊ नका!" दोन माणसं उतरली की दीडशे किलो वजन कमी होतं आणि उरलेल्या गरम हवेवर बलून पुन्हा उचलला जाऊ शकतो, आतल्या बाकीच्यांना घेऊन.

तीन प्रवाशांना खरचटलंही नव्हतं. बास्केट जाते त्या दिशेला पाठ, पाठ आणि डोकं गादीला टेकलेलं, गुडघे थोडे वाकलेले, दोन्ही हात आतल्या दोरीच्या कड्यांत, डोकं कडेच्या खाली: सांगितलं होतं तसं ते बसले होते. चौथ्या ताई ऐनवेळी मोबाइल काढून मागे वळल्या. गुडघे ताठ, एक हात मोकळा. पहिल्या आपटीत पूर्ण भार उजव्या घोट्यावर आला. बलूनमधल्या जोरदार उतरण्यात बहुतेक दुखापती अशाच असतात, घोटा, नडगी, नाहीतर पाठीचा मणका.

यानंतरचे तीन तास उतरण्यापेक्षा जड गेले. विमान अपघातांच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत होते (बोटांचं आणि नाकाचं साधं फ्रॅक्चर सोडून), किंवा आठवड्याच्या आत ४८ तासांहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर. आणि गंभीर दुखापत झाली की तो अधिकृत अपघात ठरतो. मग चौकशी आली, परवानगीशिवाय काही हलवायचं नाही. एक्स-रे येईपर्यंत आम्हाला कळेना की हा अपघात आहे की नाही. पायलट सर म्हणाले, "गॅस सुरक्षित करा, बाकी जसं आहे तसं राहू द्या. फोटो काढा." बास्केट, चर, वॉल्व्हची स्थिती, बाभळीतलं कापड, सगळ्याचे फोटो घेतले. सोनेगाव विमानतळाच्या एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाकडे) उतरल्याचा फोन गेला. ताईंना बोलेरोतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सोबत एक जण.

तोवर वावरात शंभरेक माणसं जमली होती. कापडावर पाय देऊ नका हे सांगता सांगता घसा बसला. शेजारच्या वावराचे मालक आले. त्यांच्या तुरीतून आमची गाडी गेली होती.

"फुगा पडला थे ठीक हाय जी, थो काही सांगून पडत नाही. पण गाडी काहून घातली माह्या तुरीत? रस्ता तिकडून हाय ना."

बरोबर होतं त्यांचं. बलूनने त्यांचं एक झाडही मोडलं नव्हतं. नुकसान गाडीच्या चाकांनी आणि बघ्यांनी केलं. सरपंच आणि पोलीस पाटलांसमोर पंचनामा झाला, तूर साधारण दोन गुंठे, २,५०० रुपये. बाभळीचे पैसे कुणी मागितले नाहीत. जागेवर पैसे देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, देऊ नका. पंचनाम्याची प्रत असल्याशिवाय विम्याकडून काही मिळत नाही.

११:२० ला व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे आला. हाड शाबूत, लिगामेंट ताणलेलं, तीन आठवडे पट्टा. वावरात उरलेले आम्ही एकदम धुऱ्यावर बसलो. मग कापड सोडवायला लागलो. काट्यांनी ते तीन ठिकाणी फाटलं होतं, सगळ्यात मोठी चीर हातभर. कंपनीने त्याच दिवशी लेखी कळवलं आणि परवानाधारक इंजिनिअरची तपासणी होईपर्यंत बलून बंद राहिला. तपासायचं होतं ते हे: कापड, बास्केटच्या वायर, बर्नरची चौकट, नळ्यांचे जोड. २८ डिसेंबर ते ५ जानेवारी, नऊ दिवस, बिनपगारी.

त्या नऊ दिवसांत पायलट सर रोज दुपारी ट्रेलरच्या सावलीत जुन्या अपघातांचे अहवाल घेऊन बसायचे. स्लोव्हेनियात लुब्लियानाजवळ २३ ऑगस्ट २०१२ ला ३२ जणांचा बलून वादळी वाऱ्यात सापडला, आपटला आणि पेटला; सहा जण गेले. अमेरिकेत वायोमिंगला ३ ऑगस्ट २०२० च्या एकाच सकाळी अचानक आलेल्या वाऱ्याने अनेक बलून जोरात आपटले. तुर्कस्तानात कॅपाडोशियाला ऑक्टोबर २०२२ मध्ये जोरदार उतरताना दोन स्पॅनिश पर्यटक गेले. तिथेच अक्सरायला १५ जून २०२५ ला पायलट गेला आणि प्रवासी जखमी झाले. तारांचे अपघात वेगळे आणि जास्त जीवघेणे: न्यूझीलंडच्या कार्टर्टनला ७ जानेवारी २०१२ ला ११, टेक्सासच्या लॉकहार्टला ३० जुलै २०१६ ला १६ जण गेले.

तारांचा नियम तेव्हाच पाठ झाला. तारेवर जाणं अटळ असेल तर वर चढायचा प्रयत्न करायचा नाही, झडप उघडून वेगाने खाली यायचं, म्हणजे तारेला लागलंच तर कापड लागेल, बर्नर आणि बास्केटच्या वायर नाहीत. आणि जमिनीवरच्या क्रूने वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही, आत ओळखीचा माणूस असला तरी. हे ऐकताना कुणीच काही बोललं नाही.

६ जानेवारीपासून पुन्हा सुरुवात, तीन बदलांसह. उतरण्याच्या जागा दर सोमवारी मोटारसायकलवर पुन्हा बघायच्या. ७:५० झाले की सर जिथे सुरक्षित जागा दिसेल तिथे उतरणार. ठरलेलं वावर, छान फोटो, रस्ता जवळ, काही बघणार नाहीत. आणि बसण्याचा सराव बास्केट जमिनीवर असतानाच प्रत्येकाकडून दोनदा, मोबाइल खिशात आणि चेन बंद. संक्रांतीच्या आठवड्यात आणखी एक कटकट: पतंगांचा नायलॉन मांजा. बंदी असूनही तो बाभळींत, तारांत, सगळीकडे लोंबत होता. कापड ओढताना हातमोजा कापून गेल्यावर कळला.

शेवटच्या पंधरवड्यात निम्म्याहून जास्त सकाळी रद्द झाल्या. १७ जानेवारीला पायबॉल २०० मीटरपर्यंत सरळ गेला आणि तिथून असा काही वळला की दोन मिनिटांत दिसेनासा झाला. सर म्हणाले, "चहा लावा." सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

हिशेब असा: उड्डाणाच्या सकाळीचे ९०० रुपये, रद्द सकाळीचे ५००. २१ आणि १९ धरून २८,४०० रुपये, १२ फेब्रुवारीला खात्यात जमा. अनुभवाचं पत्र त्यानंतर आठवड्याने आलं. त्यात "४० उड्डाणे" लिहिलं होतं. २१ करून द्या म्हणून परत पाठवलंय, अजून आलेलं नाही.